सासूबाई, जरा बाहेर

आमच्या सबनीस डॉक्टरांच्या दवाखान्यात सासवांना थारा नव्हता, असं लोक अजूनही म्हणतात. म्हणोत बापडे. बाळाला पोटाशी धरून सासू आत आली, की डॉक्टर चष्म्यावरून बघायचे आणि अगदी गोड आवाजात म्हणायचे, "सासूबाई, जरा बाहेर थांबता का? सिस्टर तुम्हाला वजनकाटा दाखवतील." आता वजनकाट्यात दाखवण्यासारखं काय असतं, सांगा! पण सासूला बाहेर काढणं हे माझं काम. मी विचारायची, सुनेला डिंकाचे लाडू घालता का अळिवाचे? एवढं विचारलं की बाई रंगात यायची आणि आत काय चाललंय ते विसरायची. एक बाई मात्र हटेना. "मी काय परकी हाय व्हय? नातू माझा हाय!" डॉक्टर म्हणाले, "म्हणूनच तर. वजन बरोबर आलं का ते तुमच्याशिवाय कोण बघणार?" बाई तुरुतुरु बाहेर आली आणि काट्यापाशी उभी राहिली. बाळ आतच राहिलंय, हे तिच्या लक्षात येईपर्यंत आतलं काम उरकलं होतं.

काम म्हणजे एक प्रश्न. बाळंतिणीजवळ स्टूल ओढून डॉक्टर हळूच विचारायचे, "तुझ्या आईकडच्या नात्यात सुया घेतल्यावर कुणी बहिरं झालंय का? खरं सांग, पोरी. या खोलीच्या बाहेर जाणार नाही." हा प्रश्न का, आणि त्यासाठी सासू बाहेर का, ते मी आज सांगणार आहे. नावं बदलली आहेत. गावाचं तर विचारूच नका.

दवाखाना नगर–मनमाड रस्त्यावर, कोल्हारच्या अलीकडे. गुरुवारी शिर्डीच्या गाड्यांनी रस्ता तुंबायचा, कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरांनी. डॉक्टर लहान मुलांचे. ठेंगणे, टक्कल पडलेले, खिशात कायम दोन पेनं आणि दोन्ही न उठणारी. चहा बशीत ओतायचे आणि विसरायचे. मी त्यांना गरम चहा पिताना कधी पाहिलं नाही. बाळाचं वजन मात्र मी केलेलं त्यांना चालायचं नाही. पुन्हा स्वतः करायचे. पहिल्यांदा मला राग आला होता. "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हटलं, तर म्हणाले, "सिस्टर, तुमच्यावर आहे, काट्यावर नाही. या औषधात थेंबाचा हिशेब असतो. जास्त झालं तर मूत्रपिंडाला लागतं आणि कानाला लागतं."

हे औषध म्हणजे जेंटामायसिन. त्यांचं लाडकं. स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन ही त्याचीच भावंडं. त्यावर बोलायला लागले की थांबायचे नाहीत, समोर नर्स असो नाहीतर टेम्पोवाला. "जंतूच्या पोटात स्वयंपाकघर असतं," ते सांगायचे. "वरून चिठ्ठी येते, तसा आचारी प्रथिनं शिजवतो. हे औषध आचाऱ्याच्या मानगुटीवर बसतं आणि चिठ्ठी चुकीची वाचायला लावतं. मिठाच्या जागी साखर! असली बिघडलेली प्रथिनं जंतूच्या भिंतीत जाऊन बसतात, भिंत गळायला लागते, गळक्या भिंतीतून औषध आणखी आत जातं. जंतू आपल्याच हातच्या स्वयंपाकानं मरतो." मी विचारलं, मग सोबत ॲम्पिसिलिन कशाला देता? तर म्हणाले, "ते बाहेरून भिंत फोडून देतं, म्हणजे याला आत शिरायला सोपं. जोडीनं काम चांगलं होतं."

आणि हे औषध तोंडानं का देत नाहीत? तर पोटातून ते रक्तात जातच नाही, म्हणून सुईच. गळवात पू साचला असेल तर तिथे ते हात टेकतं, कारण जंतूच्या आत शिरायला त्याला ऑक्सिजन लागतो. रक्तात पसरलेले जंतू, लघवीच्या वाटेनं मूत्रपिंडापर्यंत चढलेला ताप, असल्या दुखण्यांत मात्र ते धावून येतं. घोडेगावच्या बाजारात म्हशींचा व्यापार करणाऱ्या एकाचा मुलगा कच्चं दूध प्यायचा, त्याला येणारा-जाणारा ताप लागला होता. जनावरांकडून आलेला. तोही गोळ्यांच्या जोडीला जेंटामायसिन दिल्यावर उतरला. पण सर्दी-खोकल्याला कुणी सुई मागितली, की डॉक्टर भडकायचे. "सर्दी विषाणूची! विषाणूकडे स्वयंपाकघरच नाही, तर हे औषध जाऊन बसणार कुठं? उगाच पोराला टोचू का?" लोक नाराज होऊन पुढच्या दवाखान्यात जायचे आणि तिथे सुई टोचून घ्यायचे.

हा प्रश्न जिच्यामुळे बंद दाराआड गेला, त्या ईश्वरीला आणलं तेव्हा ती जन्मून थोडेच दिवस झाले होते. अंग गार, दूध ओढेना, रडायचंही बळ नाही. द्वारकाबाईंनी, म्हणजे तिच्या आजीनं, तिला लुगड्याच्या आत छातीशी धरलं होतं. मागे सुरेखा, बाळाची आई, टाक्यांवर हात दाबून चालत होती. सुरेखाची आई आधीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं होतं, आणि द्वारकाबाईंनी ते हौसेनं केलं होतं. नवरा म्हैस बघायला घोडेगावला गेलेला. शेजाऱ्याच्या टेम्पोतून दोघी बायकाच आल्या होत्या.

रक्तात जंतू शिरलेत, हे डॉक्टरांनी बघताक्षणी ओळखलं. रक्त तपासायला घेतलं, शीर शोधली, मला दोन्ही औषधं भरायला सांगितली. आणि शिरेवरचं बोट न काढता, मान वळवून त्यांनी विचारलं, "आईकडच्या नात्यात सुया घेऊन कुणी बहिरं झालंय का?" कॉलेजात एका सरांनी शिकवलं होतं म्हणून ते हा प्रश्न विचारायचे, बाकी इकडे कुणी विचारत नाही. सुरेखानं सासूकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाली, "न्हाई." द्वारकाबाईंनी बाळाचं टोपडं सारखं केलं. सुई गेली.

पोर वाचली. काय आनंद झाला होता आम्हाला! घरी जाताना द्वारकाबाईंनी सगळ्या दवाखान्याला पेढे वाटले आणि मीठ-मोहऱ्या आणून डॉक्टरांची दृष्ट काढली. डॉक्टर लाजून कानापर्यंत लाल झाले होते.

वर्ष उलटून गेल्यावर ती लसीला आली. चांगली गुटगुटीत, हसरी. माझा धक्का लागून औषधांचा ट्रे फरशीवर आदळला. खोलीतली सगळी पोरं दचकून रडायला लागली. ईश्वरी डॉक्टरांच्या गळ्यातल्या नळीशी खेळत राहिली. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

नगरला तपासणी झाली. दोन्ही कान गेलेले. रिपोर्ट घेऊन आल्या त्या दिवशी द्वारकाबाई मेडिकलमध्ये गेल्या होत्या, तेवढ्यात डॉक्टरांनी सुरेखाला पुन्हा तोच प्रश्न विचारला. ती ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. "मामाला टीबी झाल्ती. लई सुया घेतल्या त्यानं. टीबी गेली पन कान बी गेले. लग्नात आमी झाकलं हुतं, डाक्टरसाहेब. आत्याबाईंसमोर कशी बोलू? फसवलं म्हनून पोरीसकट माहेरी धाडतील. अन् माहेरी आई न्हाई मला."

टीबीची ती सुई म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन. डॉक्टरांनी मला नंतर समजावलं. आपल्या पेशींतही जुन्या पद्धतीचं एक छोटं स्वयंपाकघर असतं, ते फक्त आईकडून येतं. काही घराण्यांत त्याची घडण जंतूंच्या स्वयंपाकघराशी मिळतीजुळती असते. औषधाला फरक कळत नाही. वजन बरोबर, मात्रा बरोबर, तरी कानाच्या पेशी मरतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणजे मामाचं, सुरेखाचं आणि ईश्वरीचं ते एकच. सुरेखाला तशी सुई कधी लागली नाही, म्हणून तिचे कान शाबूत राहिले.

द्वारकाबाई औषधं घेऊन परत आल्या. डॉक्टर उठून उभे राहिले. म्हणाले, "मावशी, ईश्वरीला ऐकू येत नाही. माझ्या इंजेक्शननं झालं. चूक माझी आहे." बस्स. मामाचं नाव नाही, आईच्या बाजूचा उल्लेख नाही. सुरेखा भिंतीला टेकून उभी होती.

"आरं, तू जीव वाचिवला म्हनून मी तुझी दिष्ट काढली रं!" द्वारकाबाईंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "अन् तू माझी लेक मुकी केली!" बाहेर बसलेल्या बायांनी सगळं ऐकलं. डॉक्टर खाली मान घालून उभे होते. दुसऱ्या दिवसापासून बाकं रिकामी दिसायला लागली.

मी गप्प बसणारी बाई नाही. त्याच संध्याकाळी त्यांना म्हटलं, "तुम्ही अर्धंच खरं सांगितलंत."

"अर्धं पुरे," ते म्हणाले. "उरलेलं सांगितलं तर तिचं घर मोडेल."

"पण तुम्ही विचारलं होतं ना? तीच खोटं बोलली!"

"सासूसमोर विचारलं, सिस्टर. तिनं दुसरं काय उत्तर द्यायचं? औषध वाईट नाही, मात्रा चुकली नाही. मी विचारलं ती जागा चुकली. एक मिनिट सासूला बाहेर पाठवलं असतं तर दुसरं औषध देता आलं असतं. होतं कपाटात."

त्या दिवसापासून सासवा बाहेर. लोकांना वाटायचं, द्वारकाबाईंनी शिव्या घातल्या म्हणून डॉक्टरांनी समस्त सासवांवर डूख धरला. त्यांनी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

पण या गप्प बसण्याची किंमत पोरीनं भरली, हे मी आजही म्हणेन. कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन लहानपणीच करायचं असतं. डॉक्टरांनी पुण्याला बोलणं करून ठेवलं होतं. तो निरोप घेऊन ते स्वतः त्यांच्या वस्तीवर गेले, तर सुरेखाच्या नवऱ्यानं दारातूनच परत पाठवलं. "तुमच्या सांगन्यावरून आता डोक्याला सुरी लावू का तिच्या?" ज्यानं बहिरी केली त्याचा सल्ला कोण ऐकणार? ते वय हातचं निघून गेलं. परत आल्यावर डॉक्टर पायरीवरच बसले आणि म्हणाले, "मला वाटलं, दोष घेतला की संपलं. माझा शब्दच मी मातीत घातला." मी चहा आणून दिला, तो तसाच राहिला. मलाही त्यांचाच राग येत होता आणि त्यांचीच दया येत होती.

ईश्वरी मोठी झाल्यावर नगरच्या मूकबधिर शाळेत, वसतिगृहात राहायला लागली. सोमवारी सकाळी सुरेखा तिला पोचवायला निघायची आणि घरी न सांगता वाटेत दवाखान्यात उतरायची. डॉक्टरांनी तिच्याकडून औषधांची नावं पाठ करून घेतली होती. जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन, टोब्रामायसिन. कागदावर लिहून द्यायची सोय नव्हती, घरात कुणाच्या हाती लागला असता. "म्हण बरं पुन्हा," ते म्हणायचे, आणि ती पाढ्यासारखं म्हणून दाखवायची. "ही सुई तुला नको, ईश्वरीला नको, तुझ्या बहिणीला नको, तिच्या पोरांना नको. बाकी कुठलंही औषध चालेल." डॉक्टर शाळेतल्या बाईंकडून खुणांची भाषाही शिकत होते, पण बोटं जाड आणि वय झालेलं. 'जेवलीस का' विचारायला गेले की ईश्वरी खुदखुदून हसायची. ती हसली की ते जास्तच कष्टी व्हायचे. एकदा मी म्हटलं, अहो, पोर जिवंत आहे, हसतेय, तेवढं तरी बघा. म्हणाले, "तेच तर बघतो. हसताना तिला स्वतःचं हसू ऐकू येत नाही."

मग सुरेखाच्या धाकट्या बहिणीला मुलगा झाला आणि त्याच्याही रक्तात जंतू शिरले. बहिणीचा फोन आला तेव्हा सुरेखा गोठ्यापाशी होती. तिथूनच ती फोनवर ओरडून सांगत राहिली, "डाक्टरला सांग, जेंटामायसिन नको, अमिकासिन नको, आपल्या आईकडनं आलंय हे, मामासारखं हुईल!" तिथल्या डॉक्टरांनी औषध बदललं. बाळ बरं झालं, कानही शाबूत राहिले. पण गोठ्याच्या पलीकडे द्वारकाबाई शेण काढत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

पुढच्या सोमवारी सुरेखासोबत त्याही आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, झालं, आता ही बाई सुनेची शोभा करणार. पण त्या सुरेखाला म्हणाल्या, "तू पोरीला घेऊन बाहेर बस." आणि दार लोटून घेतलं. मी आतच होते, मला कुणी जा म्हटलं नाही.

"डाक्टर, तिच्या मामाच्या सुया अन् हिची सुई एकच का?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "तिला घराबाहेर काढू नका, मावशी. हात जोडतो."

"कशापायी काढू?" द्वारकाबाई खाली फरशीवरच बसल्या. "मामा बहिरा हाय हे आमाला लग्नाच्या आधीपासनं ठावं हाय. तिच्या बापानं मालकांना कानात सांगितल्यालं. आमी म्हनलं, चालतंय, पोरगी गुनाची हाय. पन ठरवलं, आमाला ठावं हाय हे तिला कळू द्यायचं न्हाई. न्हाईतर जन्मभर खाली मान घालून नांदंल. तुमी इचारलं तवा ती न्हाई म्हनली. म्या म्हनलं, डाक्टरसमोर सुनंला खोटं कशाला पाडू? त्यात पोरीचे कान जात्यात, हे मला अडान्याला काय ठावं!" त्या कपाळावर हात मारून घेत होत्या. "मला एकटीला इचारलं असतं, तर सांगितलं असतं हो."

डॉक्टर खुर्चीत बसले. इतकी वर्षं ते सासवांना बाहेर पाठवत होते, आणि जी सांगायला तयार होती ती सासूच होती.

"आता तिला सांगू का?" द्वारकाबाईंनी विचारलं. "का माझ्या मनात ठिवू?"

"नका सांगू," डॉक्टर म्हणाले. "तिचं लपवणं फुकट गेलं, हे कळलं तर ती स्वतःला खाऊन टाकील. तिला वाटू द्या, माझंच चुकलं."

मला राहवलं नाही. "अहो, काय चालवलंय तुम्ही! ती हिच्यासाठी गप्प, ही तिच्यासाठी गप्प, तुम्ही दोघींसाठी गप्प. सगळ्यांनी एकमेकांना जपलं आणि पोरीचे कान गेले. ऑपरेशनही गेलं. आणि अजून तुम्हाला गप्पच बसायचंय?" त्यांना मी इतकं तोडून कधी बोलले नव्हते.

डॉक्टरांनी चष्मा काढला. डोळे पुसले. मग उठले, दार उघडलं आणि म्हणाले, "सुरेखा, आत ये. सासूबाई आतच राहतील."

मी बाहेर आले आणि ईश्वरीशेजारी बाकावर बसले. आधी डॉक्टरांचा आवाज, मग द्वारकाबाईंचा. मग सुरेखाचा हंबरडा आला आणि बाकीच्या बाया उठून उभ्या राहिल्या. मी दाराच्या फटीतून बघितलं. द्वारकाबाईंनी तान्ह्या ईश्वरीसारखंच सुरेखाला लुगड्यात घेतलं होतं आणि दोघी एकमेकींना थोपटत होत्या. ईश्वरी माझी बाही ओढून दाराकडे बोट दाखवत होती. काय झालंय ते तिला कळायला हवं होतं. मला तिच्या खुणा येत नाहीत. मी नुसतं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

त्यानंतर डॉक्टरांनी फार दिवस दवाखाना चालवला नाही. जितके दिवस चालवला, तितके दिवस सुनेला एकटीला विचारायचे आणि सासूलाही एकटीला विचारायचे. मग मुलाकडे पुण्याला गेले. फोन करतात, आवाज थकलाय. पण मला ते दिसतात ते त्या सोमवारचे.

दार उघडून ते बाहेर आले, दोघींना आत एकमेकींजवळ सोडून. ईश्वरीसमोर फरशीवर मांडी घालून बसले. इतक्या लोकांत. सातवीतली पोर ती. तिला ती अशी का, हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही सगळे तिच्या डोक्यावरून बोलत आलो होतो. डॉक्टरांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग दंडात सुई टोचल्याची खूण केली. मग तान्ही ईश्वरी, हातांच्या झोळीत. मग तिच्या कानाकडे बोट. पुन्हा स्वतःकडे. बोटं चुकत होती, ते पुन्हा पहिल्यापासून करत होते. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले, शाळेत पोरं धरतात तसे, आणि तसेच बसून राहिले.

ईश्वरीला आधी गंमत वाटली. ती हसली. मग तिनं त्यांच्या डोळ्यांकडे नीट बघितलं आणि हसणं थांबलं. तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं, आजीकडे आणि आईकडे, मग परत डॉक्टरांकडे. मग बाकावरून खाली उतरली आणि त्यांचे दोन्ही हात धरून कानांवरून खाली घेतले.